काठीनं कुत्रं गप्प होतं, शिकत नाही
धाराशिवच्या जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना खुलं पत्र

मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, धाराशिव यांस,



कुत्र्याचा विषय आपल्या खात्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा लसीकरणाच्या नाहीतर चाव्याच्या निमित्तानं. या दोन्हींच्या अलीकडे आणखी एक गोष्ट घडलेली असते, ती कुठल्याच नोंदवहीत येत नाही. पिल्लू घरी आल्यापासून त्याला वळण कसं लावलं, हाकेला येणं कसं शिकवलं, भुंकल्यावर आणि गुरगुरल्यावर त्याच्याशी कसं वागलं गेलं, याची ती गोष्ट आहे. हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला समजला जातो. माझं म्हणणं असं की तो तसा नाही. मारून, दरडावून, गळ्याला झटके देऊन शिकवलेलं कुत्रं चावण्याची शक्यता वाढते आणि तो चावा बहुधा मालकाला नाही, तर लेकराला, पाहुण्याला, दूध घालायला येणाऱ्याला सोसावा लागतो. म्हणून कुत्र्याला शिकवण्याची पद्धत हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे आणि आपल्या खात्यानं त्यात उघडपणे एक बाजू घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र.

आपल्या जिल्ह्यात कुत्रं हा हौसेचा प्राणी कमी, कामाचा जास्त. उस्मानाबादी शेळी ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाते, तिथं राखण हे रोजचं काम आहे. भूम, परांडा, वाशीच्या माळावर मेंढपाळाला लांडग्याची धास्ती असते. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हापासून त्या भागातल्या शेतवस्त्यांवर रात्री भुंकणाऱ्या कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ तर कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यांसाठीच प्रसिद्ध आहे. दुसरीकडे धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांत जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर दारात बांधलेले दिसतात. या जातींबरोबर चोक चेन आली, आतून काटे असलेला पट्टा आला, आणि आता बटण दाबलं की कुत्र्याच्या गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टाही मोबाइलवरून मागवता येतो. वस्तीवरची काठी आणि हा पट्टा दिसायला वेगळे असले तरी दोन्हींमागची समजूत एकच आहे : चुकलं की दुखलं पाहिजे, म्हणजे परत चुकणार नाही.

या पद्धतीला 'पारंपरिक' म्हणतात म्हणून ती आपल्या वाडवडिलांची आहे, असं वाटण्याची शक्यता आहे. प्रशिक्षक मंडळी जी पद्धत या नावानं विकतात तिचा उगम धाराशिवच्या माळावर नाही. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं 1910 मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं, तिथून ती पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या तालमीत रुळली. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या 1962 च्या पुस्तकानं ती घराघरांत नेली. तिला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये मांडलं की कळपात वर्चस्वासाठी सतत झगडा चालतो. त्यावरून 'कुत्र्याला आपणच त्याचे वरिष्ठ आहोत हे दाखवून द्या, उताणं पाडा, दाबून धरा' हा सल्ला निघाला. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात हीच मांडणी उचलली. पुढे रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडल्यावर जी भांडणं दिसली, ती रानातली रीत नव्हती. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून मेक स्वतः प्रकाशकांच्या मागे लागले. ती उचलून धरणाऱ्या अभ्यासकानंच सोडून दिलेली ही कल्पना आपल्याकडे मात्र अजून 'कुत्र्याला डोक्यावर चढू देऊ नका' या शब्दांत जिवंत आहे.

उलट मेंढपाळाची खरी परंपरा पाहिली तर तिचा पाया काठी नाही. राखणीचं कुत्रं तयार होतं ते लहानपणापासून कळपात राहून. मेंढ्यांच्या वासात, कोकरांच्या अंगाला अंग लावून वाढलेलं पिल्लू कळपाला आपलं मानतं. स्कॉट आणि फुलर यांचं 1965 चं संशोधन सांगतं की पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचे दिवस ओळखी जोडण्याचे असतात. त्या दिवसांत ज्यांच्याशी सलगी होते त्यांची भीती पुढे राहत नाही. मेंढपाळांनी हे प्रयोगशाळेशिवाय जाणलं होतं. तेव्हा परंपरेचा मान राखायचाच असेल, तर या सलगीचा राखू या.

आता मुख्य मुद्दा. दुखवल्यानं कुत्रं नेमकं काय शिकतं? समजा, चोक चेन घातलेलं कुत्रं रस्त्यानं चाललं आहे. समोरून सायकलवर एक मुलगा येतो. कुत्रं कुतूहलानं पुढे झेपावतं, मालक साखळीला जोरात हिसका देतो, गळा आवळतो. मालकाच्या मनात धडा असतो 'ओढायचं नाही'. कुत्र्याच्या नजरेसमोर त्या क्षणी असतो तो मुलगा. असं दहा वेळा झालं की सायकलवरचा मुलगा दिसला म्हणजे गळ्याला दुखणार, एवढं त्याच्या मनात पक्कं बसतं. मग ते मुलाला पाहूनच भुंकू लागतं, त्यावर हिसका आणखी जोराचा मिळतो आणि हे चक्र फिरत राहतं. गुरगुरण्याचंही तसंच. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना आहे : जवळ येऊ नको, मला भीती वाटते. त्यासाठी त्याला लाथ बसली की गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते. मालक म्हणतो, कुत्रं सुधारलं. प्रत्यक्षात त्याची सूचना देण्याची सवय तेवढी मोडलेली असते. 'काही न करता एकदम चावलं' असं ज्या कुत्र्यांबद्दल सांगितलं जातं, त्यांतल्या अनेकांना कधीतरी गुरगुरल्याबद्दल मार बसलेला असतो.

हा केवळ तर्क नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी आधी काय काय करून पाहिलं ते विचारलं. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी 43 टक्के मालकांनी सांगितलं की कुत्रं उलटून अंगावर आलं. उताणं पाडून दाबणाऱ्यांपैकी 31 टक्के आणि नुसतं डोळे रोखून धाक दाखवणाऱ्यांपैकी 30 टक्के मालकांना हाच अनुभव आला. ही मुळातच बिघडलेली कुत्री होती, म्हणून मारही जास्त बसला असेल, असं कुणी म्हणेल आणि ते म्हणणं रास्त आहे. पाहणीवरून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही. म्हणून थेट निरीक्षणं पाहावी लागतात. नेदरलँड्समध्ये शिल्डर आणि व्हान डर बोर्ख यांनी 2004 मध्ये विजेच्या पट्ट्यानं शिकवलेली राखणीची जर्मन शेफर्ड कुत्री तपासली. झटका न देताही, मैदानाबाहेर साध्या बागेत फिरतानासुद्धा, ती मालकाजवळ कान पाडून, अंग चोरून चालत होती. पोर्तुगालमध्ये व्हिएरा द कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतली 92 घरगुती कुत्री होती. शिक्षेवर भर असलेल्या शाळांतली कुत्री प्रशिक्षणाच्या वेळी अधिक ताणात दिसली, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं. मग आणखी एक चाचणी झाली. एका जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाणं, दुसऱ्या जागी ठेवलेलं भांडं नेहमी रिकामं, हे कुत्र्यांना कळल्यावर भांडं या दोहोंच्या मधे ठेवलं. बक्षिसावर शिकलेली कुत्री आशेनं लगबगीनं गेली, फार शिक्षा सोसलेली रेंगाळत गेली. मार फक्त मार बसतो तेवढ्या वेळापुरता असतो, असं मानणाऱ्यांनी त्या मधल्या भांड्याचा विचार करावा.

आपल्या राज्याच्या पोलीस दलाचाच दाखला घ्या. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर 'जंजीर' या लॅब्राडोरनं 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. वास काढणं हे काम धाकानं करवून घेता येत नाही. कुत्र्याला नाक लावावंसं वाटलं पाहिजे. म्हणून वास घेणाऱ्या कुत्र्यांच्या तालमीत स्फोटकाचा वास आणि लाडका चेंडू किंवा खाऊ यांची जोडी घालतात. वास सापडला की खेळ मिळतो, म्हणून कुत्रं जीव तोडून शोधतं. ज्या कामावर शेकडो माणसांचे जीव अवलंबून असतात, तिथं बक्षीस चालतं, आणि दारातल्या कुत्र्याला बसायला शिकवायचं तर मात्र काठीशिवाय भागत नाही, हे पटण्यासारखं नाही. 'शिकारी कुत्र्याला अक्कल नसते, त्याला हेच लागतं' असं कारवानीबद्दल ऐकू येतं. पण कारवानीचाच जवळचा भाऊबंद असलेल्या मुधोळ जातीची सीमा सुरक्षा दलातली 'रिया' 2024 च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये परदेशी जातींना मागे टाकून सर्वोत्कृष्ट ठरली, माग काढण्यातही तीच पहिली आली.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. ससा दिसला की सुसाट सुटणारं कुत्रं भाकरीच्या कुटक्यासाठी थांबेल का? 2024 मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ॲनामेरी जॉन्सन आणि क्लाइव्ह विन यांनी हेच तपासलं. वेगानं पळणाऱ्या आमिषामागे धावू नये, हे 19 कुत्र्यांना शिकवायचं होतं. विजेच्या पट्ट्याच्या गटातली कुत्री थांबायला शिकली, खाऊच्या गटांतली त्या मुदतीत शिकली नाहीत. झटका बसताना कुत्री किंचाळली, पण दीर्घकाळच्या ताणाची खूण मापनात सापडली नाही. हा निकाल आहे तसा मान्य करायला हवा. मात्र त्यातून काय निघतं आणि काय नाही, हेही पाहायला हवं. कुत्री मोजकी होती, सत्रं मोजकी होती, आणि पाठलाग सोडवणं हे बक्षिसाच्या पद्धतीत महिनोन्महिने, लांब दोरीवर, थोडं थोडं अंतर वाढवत करायचं काम आहे. पट्ट्याचं बटण जाणकारांच्या हाती होतं, झटका नेमक्या क्षणी बसत होता. बांधावर उभं राहून रागाच्या भरात बटण दाबणाऱ्याकडून ती अचूकता येणार नाही आणि क्षण चुकला की वर सांगितलेल्या सायकलवरच्या मुलाच्या उदाहरणासारखीच गत होते. हाकेला येणं आणि एरवीचं आज्ञापालन याबाबत लिंकन विद्यापीठाचा 63 कुत्र्यांवरचा अभ्यास 2020 मध्ये आला. तिथं विजेचे पट्टे वापरणारे प्रशिक्षक पट्टे बनवणाऱ्यांच्या संघटनेनंच सुचवले होते, तरी बक्षिसानं शिकवलेली कुत्री मागे पडली नाहीत, उलट सांगितलेलं अधिक तत्परतेनं करत होती. शिवाय आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार हा गुन्हा आहे. कारवानी कुत्रं माळावर मोकळं सोडायचं आणि मग ते पळतं म्हणून झटका द्यायचा, यात दोष कुत्र्याचा नाही. वेल्सनं हे पट्टे 2010 मध्येच बंद केले, तिथंही मेंढ्या आहेत आणि मेंढ्यांमागे लागणारी कुत्रीही आहेत.

'आमच्या आजोबांनी असंच वळण लावलं, कुत्री चांगली निघाली' हे म्हणणं खोटं असतं असं नाही, पण त्यात जी चांगली निघाली तेवढीच मोजलेली असतात. जी उलटली ती लांबच्या गावाच्या वेशीवर सोडून दिली गेली, नाहीतर मारली गेली. ती आठवणींत येत नाहीत. ती पुढे बेवारस कुत्र्यांच्या संख्येत येतात आणि तो बोजा नगरपालिकेवर व आपल्या खात्यावर पडतो.

उरली दोन आक्षेपांची गोष्ट. एक, खाऊ थांबला की ऐकणंही थांबेल. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे की सवय जडेपर्यंत प्रत्येक वेळी आणि नंतर अधूनमधून, अंदाज न येईल असं बक्षीस दिलं, तर शिकलेलं जास्त टिकतं. दोन, हे शहरी श्रीमंतांचं काम, वस्तीवर कुठला आलाय महागडा खाऊ? इथं पैशाचा प्रश्नच येत नाही. कुत्र्याला रोज ज्वारीची भाकरी घालतातच. ती एकदम न घालता तिच्यातला चतकोर खिशात ठेवायचा. बोटाच्या पेराएवढे कुटके करायचे. पिल्लाचं नाव घ्यायचं, ते वळून पाहील त्याच क्षणी 'शाबास' म्हणायचं आणि कुटका द्यायचा. 'शाबास' आणि कुटका यांत क्षणभराचंही अंतर नको, नाहीतर मधे केलेली दुसरीच गोष्ट त्याच्या लक्षात राहते. मग दोन पावलांवरून, मग अंगणाच्या टोकावरून, मग दहा-बारा हात दोरी बांधून बांधावरून. रोज पाच मिनिटं, तीही त्याच्या पोटात भूक असताना. आल्यावर कधीही मारायचं नाही, उशिरा आलं तरी नाही, कारण मार बसला तर तो त्याच्या लेखी येण्याबद्दलचा असतो. बक्षीस म्हणजे मोकाट सोडणंही नाही. उड्या मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरवणं, ओढू लागलं की पाऊल थांबवणं, नको ते करण्याची संधीच न देणं, हे सगळं त्यात येतं. कुत्र्याला 'नाही' म्हणणं क्रौर्य आहे, असं माझं म्हणणं नाही. दुखापत हे शिकवण्याचं साधन होऊ नये, एवढंच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली छडी बंद झाली तेव्हाही मुलं बिघडतील असं म्हटलं गेलं होतं.

महोदय, 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 जनावराला विनाकारण वेदना होतील असं मारणं, लाथाडणं गुन्हा ठरवतं. आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणं, हेही त्यात स्पष्टपणे येतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. या दंडाच्या जोरावर काही बदलेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. बदल होईल तो आपल्या खात्याच्या शब्दानं, कारण वस्तीवरच्या माणसाचा विश्वास ज्या सरकारी माणसांवर असतो, त्यांत गुरांचा डॉक्टर आघाडीवर आहे. जगातल्या माणसांच्या रेबीजमृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात आणि 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा 2021 मध्ये जाहीर झाला आहे. लस हा त्याचा कणा आहेच. चावेच कमी व्हावेत यासाठीचं काम मात्र त्याच शिबिरात, त्याच टेबलावर, आणखी दोन मिनिटांत होऊ शकतं.

म्हणून मागणी अशी. येत्या 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या शिबिरांपासून आठही तालुक्यांत लसीच्या कार्डाबरोबर कुत्रं कसं शिकवावं याचं एक पानी मराठी पत्रक द्यावं. त्यात गुरगुरण्यावर मारू नका, हे पहिलं वाक्य असावं. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसखींना शेळ्यांबरोबर कुत्र्याच्या वर्तनाचंही अर्धा दिवस प्रशिक्षण द्यावं, कारण त्या रोज उंबऱ्याच्या आत जातात. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत काटेरी आणि विजेच्या पट्ट्यांची शिफारस कुणीही करू नये, असं लेखी कळवावं आणि या पट्ट्यांच्या विक्रीवर बंदी यावी यासाठी राज्य शासनाकडे जिल्ह्याच्या वतीनं प्रस्ताव पाठवावा. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या बैठकीत हा विषय ठेवावा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना वेगळा निधी लागत नाही, आपली सही लागते. ती या रेबीज दिनाच्या आधी व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
धाराशिव जिल्ह्यातील एक नागरिक